रशियन सैन्याचा घरबसल्या पंचनामा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या २०२२ च्या फेब्रुवारीपासून माझ्या बऱ्याच संध्याकाळी टेलिग्रामवरचे व्हिडिओ आणि उपग्रहाची चित्रं पाहण्यात गेल्या. मी पत्रकार नाही, लष्करातलाही नाही. पण ओळखीचे लोक भेटले की तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

ओसिंट म्हणजे नेमकं काय? शेवटी हॅकिंगच ना?

नाही. कुलूप न तोडता जेवढं दिसतं तेवढंच पाहायचं, याला ओसिंट (ओपन सोर्स इंटेलिजन्स, म्हणजे खुल्या स्रोतांतून माहिती काढणं) म्हणतात. कुणीतरी स्वतःहून टाकलेला व्हिडिओ, विकत किंवा फुकट मिळणारं उपग्रहचित्र, सरकारी नोंदवही, गावच्या वर्तमानपत्रातली श्रद्धांजली, ट्रकच्या दारावर रंगवलेला फोन नंबर, असं सगळं त्यात येतं. मला हे काम पंचनाम्यासारखं वाटतं. काय दिसलं, कुठे, किती वाजता, ते आधी लिहायचं. मत नंतर. फरक एवढाच की आपल्याला जागेवर जाता येत नाही, आणि पंच म्हणजे जगाच्या पाठीवरचे अनोळखी लोक. तेच पुरावे तपासून त्यांचंही तेच उत्तर आलं, तर पंचनामा टिकला.

एक कडेचा भाग मात्र आहे. रशियात फोनचे रेकॉर्ड, पासपोर्टची माहिती, विमान प्रवासाच्या याद्या काळ्या बाजारात विकल्या जातात. बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाच्या तपासात असा विकत घेतलेला डेटा वापरला आणि तसं उघड सांगितलं. त्याला 'खुला स्रोत' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि हौशी माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये.

हे रशियन सैन्याच्या बाबतीतच इतकं कसं जमलं?

कारणं अगदी साधी आहेत. रशियात पुष्कळ गाड्यांना डॅशकॅम असतो, त्यामुळे लष्कराचा ताफा रस्त्यावरून गेला की कुणाच्या ना कुणाच्या कॅमेऱ्यात सापडतोच. सैनिक व्हीकोंताक्तेवर, म्हणजे रशियातल्या फेसबुकवर, फोटो टाकायचे. 'मी इथे आहे' हे आईला दाखवण्याची हौस कुठल्याही देशातल्या पोराला असतेच. २०१९ मध्ये रशियाने कायदा करून सैनिकांच्या स्मार्टफोनवर बंदी आणली, यावरूनच दुखणं किती जुनं होतं ते कळतं. आणि बंदी आली म्हणजे फोन गेले असं नाही. १ जानेवारी २०२३ ला युक्रेनच्या रशियाव्याप्त भागातल्या माकिइव्कामध्ये, रशियन सैनिक राहत होते त्या इमारतीवर युक्रेनचा हल्ला झाला. रशियाने ८९ मृत्यू मान्य केले आणि दोष दिला तो सैनिकांनी मोबाइल चालू ठेवण्याला. दारूगोळ्याजवळ एवढी माणसं एकाच छपराखाली झोपवणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल तेव्हा रशियन युद्ध-ब्लॉगर जास्त चिडले होते, आणि ते बरोबर होतं असं मला वाटतं.

शिवाय रस्त्यांचे पॅनोरामा देणारं यांडेक्स आहेच. रशियातली छोटी छोटी गावं त्यात घरबसल्या फिरता येतात.

एखादं उदाहरण नीट समजावून सांगाल?

सांगतो, आणि नेहमी एकच सांगतो: एमएच-१७.

१७ जुलै २०१४ ला अॅमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशियाचं विमान पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं. २९८ जण गेले. त्याच दिवशी आणि नंतर 'बुक' नावाच्या एका विमानविरोधी क्षेपणास्त्र-गाडीचे काही फोटो आणि व्हिडिओ फिरू लागले. पांढऱ्या ट्रकच्या ट्रेलरवर हिरवं धूड. रशियाचं म्हणणं, ही युक्रेनची गाडी.

आता बघा काय केलं. एका फोटोत दुकानाची पाटी दिसत होती. त्या पाटीवरून दुकानाचा पत्ता सापडला, तो तोरेझ गावातला. रस्त्यावरच्या सावल्यांवरून वेळ निघाली, दुपारची. विमान पडलं संध्याकाळी चारनंतर. दुसऱ्या एका व्हिडिओत तीच गाडी परत जाताना दिसते आणि वरचं एक क्षेपणास्त्र जागेवर नाही. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने जाहिरातीच्या फलकावरचा मजकूर दाखवून सांगितलं की हा व्हिडिओ युक्रेनच्या ताब्यातल्या गावातला आहे. लोकांनी फलक, विजेचे खांब, ट्रॉलीबसच्या तारा जुळवल्या. जागा निघाली लुहान्स्क, म्हणजे रशियाच्या बाजूच्या बंडखोरांचं शहर.

सगळ्यात सुंदर काम याच्यापुढचं आहे. गाडीवर पूर्वी तीन आकडे रंगवलेले होते. मधला पुसट झालेला, म्हणून शोधणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं '३-क्ष-२'. चाकांवर दोन्ही बाजूंनी रबराची झालर असते. एका बाजूची झालर विशिष्ट ठिकाणी फाटलेली, वाकलेली. चाकांचा क्रमही प्रत्येक गाडीला वेगळा, काही पोकळ आऱ्यांची, काही भरीव. आता जून २०१४ चे रशियातले व्हिडिओ घ्या: कुर्स्कहून युक्रेनच्या सीमेकडे निघालेला ताफा, रस्त्याकडेच्या लोकांनी सहज काढलेला. त्यात एक गाडी, तीच फाटकी झालर, तोच चाकांचा क्रम. ही ५३व्या विमानविरोधी ब्रिगेडची ३३२ क्रमांकाची गाडी. आपल्याकडे गाय हरवली की मालक शिंग आणि पाठीवरचा ठिपका बघून ओळखतो, नेमकं तसंच.

मे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तपास पथकाने तीच ब्रिगेड जाहीर केली. १७ नोव्हेंबर २०२२ ला नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिघांना गैरहजेरीत जन्मठेप दिली, चौथ्याला सोडलं. हे चौथ्याला सोडणंही लक्षात ठेवा. पुरावा एका माणसापर्यंत पोचत नसेल तर तिथेच थांबावं लागतं.

युद्ध सुरू होणार हे गुगल मॅप्सवर दिसलं होतं, हे खरं का?

खरं आहे. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या मिडलबरी संस्थेच्या जेफ्री लुईस यांच्या गटाला रशियातल्या बेल्गोरोदहून युक्रेनच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहतूक कोंडी दिसली. पहाटे सव्वातीनची वेळ. त्या रस्त्याजवळ रणगाडे आहेत हे त्यांना आदल्या दिवशीच्या रडार-चित्रांवरून माहीत होतं, म्हणून त्या लाल रेघेला अर्थ आला. कोंडी दाखवणारे फोन बहुधा सैनिकांचे नव्हते, अडवून ठेवलेल्या साध्या गाडीवाल्यांचे असावेत. पुढे काही दिवसांत गुगलने युक्रेनमधली थेट वाहतुकीची माहिती बंद केली.

व्हिडिओ कुठला आहे ते कसं ठरवता?

आधी व्हिडिओ थांबवायचा. चालू व्हिडिओत डोळा आगीकडे जातो, आणि आग काहीच सांगत नाही. कडेला बघा: पाण्याची टाकी, चर्चचा घुमट, खांबांमधलं अंतर, इमारतीचे मजले, दुकानाची पाटी. कागदावर आडवं चित्र काढा, डावीकडून उजवीकडे काय काय आहे ते. मग वरून बघितलं तर ते कसं दिसेल याचा अंदाज बांधून गुगल अर्थवर शोधा. युक्रेनमध्ये दोन शेतांच्या मधोमध झाडांच्या लांब रांगा असतात. त्या रांगेतली एखादी तूट कधी कधी सगळं काम करून जाते.

माझी फजिती सांगतो. सुरुवातीला एका व्हिडिओची जागा शोधण्यात मी तीन रात्री घालवल्या. रस्ता जुळायचा, वळण जुळायचं, पण टाकी भलत्याच बाजूला. चौथ्या दिवशी पाटीकडे नीट पाहिलं. सिरिलिक लिपीत इंग्रजी आर नाही आणि एनही नाही. 'या' हे अक्षर उलट्या आरसारखं असतं आणि 'इ' उलट्या एनसारखं. माझ्या पाटीवर सरळ आर दिसत होता. म्हणजे व्हिडिओ आरशासारखा उलटा करून टाकलेला! फिरवला आणि वीस मिनिटांत जागा सापडली. तेव्हापासून पहिलं काम पाटी वाचणं.

मग रशियन यावीच लागते का?

भाषा नको, लिपी हवी. ३३ अक्षरं आहेत, दोन सुट्ट्यांत येतात. पुढचं यंत्राकडून भाषांतर. पण लष्करी शिव्या आणि लघुरूपं यंत्राला अजिबात झेपत नाहीत. उदाहरणार्थ '२००' म्हणजे मृत आणि '३००' म्हणजे जखमी, हे माहीत नसलं तर माणसाला वाटेल किलोचा हिशोब चाललाय. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिकून आलेली मुलं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या एकाने मला अर्ध्या तासात जे शिकवलं ते कुठल्याच अॅपने शिकवलं नाही.

वेळ आणि तारीख कशी कळते?

सावली, हवामान, झाडांची पानं, बर्फ. सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा आणि तारीख घातली की सावली कुठे पडायला हवी ते दिसतं. फाइलच्या पोटातली माहिती क्वचित मिळते, कारण व्हॉट्सअॅप आणि टेलिग्राम फोटो पाठवताना ती बहुतेक वेळा गाळून टाकतात. पण कधी कधी समोरचाच निष्काळजी निघतो. १८ फेब्रुवारी २०२२ ला दोनेत्स्कच्या बंडखोर नेत्याने 'आज' लोकांना स्थलांतर करायला सांगणारा व्हिडिओ टाकला. फाइल सांगत होती, बनवली १६ तारखेला.

उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात का?

मिळतात, पण फार अपेक्षा ठेवू नका. युरोपचा सेंटिनेल-२ दर पाचएक दिवसांनी तीच जागा टिपतो, एक ठिपका म्हणजे १० मीटर. रणगाड्याचा सांगाडा असतो सातेक मीटरचा. म्हणजे रणगाडा दिसणार नाहीच. जळालेलं शेत, नवा रस्ता, उडालेला दारूगोळ्याचा साठा दिसेल. ३० सेंटिमीटरची चित्रं मॅक्सारसारख्या (२०२५ पासून नाव वँटॉर) कंपन्या विकतात, आणि ती कुणाला द्यायची हे सरकारच्या मर्जीवर असतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची ही सोय काही दिवस बंदच केली होती.

नासाचं फर्म्स हे आगी दाखवणारं पान मात्र जरूर वापरा. आघाडीच्या रेषेवर लाल ठिपक्यांची माळच दिसते. फक्त तिथे शेतकरीही काडीकचरा जाळतात. सवय करायची तर हंगामात कोल्हापूर-सांगलीचा पट्टा उघडून बघा, उसाचं पाचट जळत असतं. त्या ठिपक्यांवरून तिथे तोफा चालल्यात असा निष्कर्ष काढून बघा, म्हणजे हात किती जपून चालवायचा ते कळेल.

कीव्हजवळच्या बुचा गावाचं उदाहरण मात्र वेगळ्याच वजनाचं आहे. ३० मार्च २०२२ च्या सुमारास रशियन सैन्य निघून गेलं आणि याब्लुन्स्का रस्त्यावर प्रेतं सापडली. रशिया म्हणाला, हा आमच्या माघारीनंतर रचलेला देखावा. न्यूयॉर्क टाइम्सने उपग्रहचित्रं तारखेप्रमाणे लावली. ९ ते ११ मार्चच्या दरम्यान रस्त्यावर माणसाच्या आकाराच्या गडद खुणा उमटतात आणि मग आठवडेच्या आठवडे तिथून हलत नाहीत. एप्रिलच्या सुरुवातीला गाडीतून काढलेल्या व्हिडिओत नेमक्या त्याच जागांवर प्रेतं आहेत. आणि मार्चमध्ये त्या खुणा उमटल्या तेव्हा ताबा रशियन सैन्याचा होता. पुढे महिनोन्महिने काम करून त्याच वर्तमानपत्राने प्स्कोवच्या २३४व्या हवाई हल्ला रेजिमेंटचं नाव पुढे आणलं.

ऑरिक्सचे आकडे खरे मानायचे का?

ऑरिक्स ही युद्धात नष्ट झालेल्या किंवा पकडलेल्या गाड्या, रणगाडे मोजणारी साइट. तिचे आकडे खरे, पण कमीत कमी म्हणून. त्यांचा नियम एकच: फोटो नाही तर मोजणी नाही. प्रत्येक रणगाड्याला स्वतःचा फोटो, आणि तोच रणगाडा दुसऱ्या कोनातून आला तर पुन्हा मोजायचा नाही. या कडक नियमानेही रशियाचे ३००० हून जास्त रणगाडे यादीत गेले. जिथे ड्रोन पोचत नाही, जिथे मागच्या मागे ओढून नेलं, ते यादीत येतच नाही. शिवाय हल्ल्याचे व्हिडिओ ज्याचे त्याने काढलेले असतात. स्वतःचा जळालेला रणगाडा कोण दाखवतो?

दावा आणि पुरावा यांतलं अंतर १ जून २०२५ च्या हल्ल्यात छान दिसलं. युक्रेनने ट्रकमधून ड्रोन सोडून बेलाया, ओलेन्या अशा दूरच्या विमानतळांवर मारा केला आणि ४१ विमानांना फटका बसल्याचं सांगितलं. नंतरच्या उपग्रहचित्रांत जळून गेलेली विमानं दिसली ती डझनभराच्या आसपास. थोडं लागलेलं विमान वरून ओळखू येत नाही, त्यामुळे ४१ खोटंच असं म्हणता येत नाही. पण माझ्या वहीत डझनच लिहिलं जाईल.

मेलेल्या सैनिकांची संख्या कशी मोजतात?

या सगळ्यातलं मला सर्वांत मोठं वाटणारं काम हे. रशियाने शेवटचा अधिकृत आकडा सप्टेंबर २०२२ मध्ये दिला: ५९३७. त्यानंतर सरकार गप्प. मीडियाझोना ही स्वतंत्र रशियन बातम्यांची साइट, बीबीसीची रशियन सेवा आणि स्वयंसेवकांनी एकेक नाव गोळा करायला घेतलं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातली चौकट, शाळेने लावलेली पाटी, गव्हर्नरची शोकपोस्ट, बायकोने लिहिलेल्या चार ओळी, दफनभूमीतल्या नव्या कबरींचे फोटो. प्रत्येक नावाला आधार हवा, आणि सारख्या नावाचे दोघे असतील तर जन्मतारखेवरून वेगळे करायचे. एप्रिल २०२४ मध्ये यादी ५०,००० च्या पुढे गेली, २०२५ मध्ये १ लाखाच्या.

पण प्रत्येक मृत्यूची पोस्ट होत नाही. तिथे त्यांनी एक डोकॅलिटी लढवली. रशियात माणूस मेला की वारसाहक्काची नोंद नोटरीकडे होते आणि ती नोंदवही ऑनलाइन बघता येत होती. मीडियाझोना आणि मेदुझा या दुसऱ्या स्वतंत्र रशियन साइटने त्यातून तरुण पुरुषांच्या नोंदी किती वाढल्या हे बायकांच्या नोंदींशी ताडून काढलं. कोविड आला तर दोघांचे मृत्यू वाढतात. युद्धात फक्त पुरुषांचे. त्या हिशोबाने मे २०२३ पर्यंत सुमारे ४७,००० सैनिक गेले होते आणि २०२३ संपेपर्यंत सुमारे ७५,०००. सातबारा आणि फेरफार वाचायची सवय असलेल्या माणसाला ही युक्ती लगेच कळेल. माणूस गेला हे घरचे लपवतील, पण वारसनोंद लावल्याशिवाय राहत नाहीत.

फक्त रशियाच्याच चुका शोधता का?

हा टोमणा असतो, पण प्रश्न रास्त आहे. १५ नोव्हेंबर २०२२ ला पोलंडच्या प्शेवोदुव गावात क्षेपणास्त्र पडून दोघे गेले. रशियाने नाटोवर हल्ला केला म्हणून गदारोळ उठला. तुकड्यांचे फोटो पाहून काही तासांतच लोकांनी ओळखलं की हे एस-३०० चं विमानविरोधी क्षेपणास्त्र, म्हणजे बहुधा युक्रेनचं भरकटलेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये युक्रेनमधल्या कोस्त्यान्तिनिव्काच्या बाजारात झालेल्या स्फोटाबाबतही न्यूयॉर्क टाइम्सच्या तपासातले पुरावे युक्रेनच्याच बुककडे बोट दाखवणारे निघाले. युक्रेनच्या बाजूने असलेल्या कित्येकांना ते गिळायला जड गेलं. मलाही गेलं.

ग्रुपवर येणारे व्हिडिओ खोटे कसे ओळखायचे?

पहिली शंका: आर्मा ३ हा व्हिडिओ गेम. त्यातली दृश्यं युक्रेनची म्हणून इतकी फिरली की गेम बनवणाऱ्यांनाच खुलासा करावा लागला. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात हीच दृश्यं आपल्या ग्रुपवर आली, तेव्हा मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. खेळातला धूर फार नीटनेटका असतो आणि कॅमेरा धरणारा माणूस कधीच घाबरत नाही.

रशियात अडकलेल्या भारतीय मुलांना याचा उपयोग होतो का?

थोडाफार, आणि फार जपून. नोकरीच्या किंवा सहलीच्या नावाखाली नेऊन सैन्यात भरती केलेल्या भारतीयांचे व्हिडिओ २०२४ मध्ये बाहेर आले. मार्चमध्ये सीबीआयने मुंबईसह अनेक शहरांत छापे घातले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १२६ भारतीय भरती झाल्याचं आणि त्यांतले १२ मृत्युमुखी पडल्याचं सांगितलं. अशा मुलाचा व्हिडिओ घरच्यांकडे आला तर जागा शोधायला मदत करता येते, पण ती जागा जाहीर टाकायची नाही. त्याच्या वरिष्ठाला कळलं तर शिक्षा त्याला होते. मूळ फाइल, तारीख, कराराचा फोटो जपून ठेवा आणि मंत्रालयाकडे द्या.

यात धोका किंवा कायद्याची अडचण आहे का?

तुम्ही पुण्यात बसून बघताय, धोका त्या व्हिडिओवाल्याला. रशियात ४ मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याबद्दल 'खोटी' माहिती पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. युक्रेनमध्येही स्वतःच्या सैन्याच्या हालचाली टाकणं गुन्हा आहे. म्हणून ताजी जागा टाकू नये, युद्धकैद्याचा चेहरा पसरवू नये, सैनिकाच्या आईला संदेश पाठवू नये. हे शेवटचं मी एकाला करताना पाहिलंय. त्याला ते शौर्य वाटत होतं.

स्वतःचीही काळजी घ्या. आवाज बंद करून, छोट्या चौकटीत बघा. रात्री जेवणानंतर तर नकोच. डोळ्यांपेक्षा कान जास्त लक्षात ठेवतात.

सुरुवात कुठून करू?

युद्धापासून नको. मित्राला सांगा, तुझ्या गावचा एक जुना फोटो पाठव, नाव सांगू नकोस. मग शोधा. माझ्या पहिल्या फोटोत एक एसटी थांबा, वडाचं झाड आणि अर्धी दिसणारी दूध डेअरीची पाटी होती. अडीच तास लागले. गाव निघालं माझ्या आत्याचं, आणि त्या थांब्यावर मी लहानपणी दर मे महिन्यात उतरत होतो.